पाठमोऱ्या भिंती

पडद्यावरच्या घराची पश्चिमेकडची भिंत बाहेरून दिसत होती आणि आतून दिसत नव्हती. बाहेर उभं राहून पाहिलं तर ती होती: करडी, सपाट, खिडकीच्या जागी नेमकी कापलेली. माऊसचं चाक जरासं पुढे ढकललं की नजर भिंत भेदून आत जायची, आणि आत जाऊन मागे वळलं की भिंत नाहीशी व्हायची. खिडकीची चौकट तेवढी अधांतरी उभी राहायची आणि तिच्या चारही अंगांनी निळसर रिकामी जागा पसरलेली असायची. ती चाक पुढे ढकलत होती, मागे ओढत होती. आहे. नाही. आहे. नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाचं बारीक चाक फिरवताना पेशीची कड अशीच यायची आणि जायची, पण तिथं कड हरवली तरी पेशी जागेवर असते हे तिला ठाऊक होतं. इथं तसं खात्रीनं काही म्हणता येत नव्हतं.

"काकू, तुमच्या भिंती पाठमोऱ्या झाल्यात," शिकवणारी मुलगी तिच्या खांद्यामागून म्हणाली. मुलगी पंचविशीची असेल. वर्गातले सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून दुप्पट वयाचे सुद्धा. "हे बघा, प्रत्येक भिंतीला दोन पापुद्रे असतात, बाहेरचा आणि आतला. पापुद्र्याला एक तोंड असतं, एक पाठ. तोंडाकडून बघितलं तर दिसतो, पाठीकडून बघितलं तर आरपार. तुम्ही बाहेरची रेघ आणि आतली रेघ एकाच दिशेनं गिरवलीत ना?"

"हो. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. दोन्ही."

"तिथंच घोळ झाला. आतली उलटी गिरवायची असते. शिस्तीची माणसं नेमकी हीच चूक करतात."

शेजारच्या खुर्चीवरचा बेकरीवाला हसला. गिऱ्हाइकाला केक आधी पडद्यावर दाखवता यावा म्हणून तो शिकत होता. "ताई, माझाही केक आतून दिसत नाहीये."

"केक आतून बघायचा नसतो हो, खायचा असतो. काकू, एक कळ दाबली की सगळ्या भिंती वळतात. दाबा."

तिनं दाबली नाही. "पुढच्या खेपेला करते," ती म्हणाली आणि संगणक बंद केला. संगणकावर वस्तू उभ्या करायला शिकवणारा हा वर्ग चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. जिना उतरताना काचेमागच्या रिकाम्या चष्म्यांच्या रांगा दिसत. त्यांच्याकडे पाहत ती पायरीवर क्षणभर थांबली आणि आपण का थांबलो ते न कळून चालू लागली. एवढीशी गोष्ट, एक कळ. आयुष्यात तिनं कधी चूक समजल्यावर ती तशीच ठेवली नव्हती. काचपट्टीवरचा क्रमांक तिरका लागला तरी ती खरवडून पुन्हा लावायची. आणि आज तिनं चूक पाहिली, कारण समजून घेतलं, उपाय ऐकला आणि पिशवी उचलून चालती झाली. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं. समोरच्या इमारतीची सावली अर्ध्या रस्त्यापर्यंत आली होती आणि तिच्या कडेला तो धूसर, अर्धवट अंधाराचा पट्टा होता, जो सूर्य ठिपका नसून तबकडी आहे म्हणून पडतो. वर्गातल्या संगणकात सूर्याचा आकार एका चौकटीत लिहायचा असतो. शून्य लिहिलं तर सावली सुरीसारखी धारदार होते. तिला वाटलं, आपणही आत कुठेतरी धूसर पट्ट्यावरून चालतो आहोत, इतकी वर्षं, ना उन्हात ना सावलीत. मग तिला स्वतःचाच राग आला. असले विचार करायला तिला आवडत नसे.

खरं म्हणजे ती या वर्गाला आली ती स्वतःच्याच एका वाक्यामुळे. नवरा निवृत्त झाला तेव्हा त्यानं आणि त्याच्या थोरल्या भावानं मिळून गावाकडच्या जागेवर घर बांधायचं ठरवलं. दोघं भाऊ, दोघी जावा, म्हातारपण एकत्र. मुलं आपापल्या वाटांनी देशी-परदेशी. वास्तुविशारदानं नकाशा काढला, जेवणाच्या टेबलावर पसरला. नवरा उभ्या उभ्या बोटानं फिरून आला: हा व्हरांडा, हे स्वयंपाकघर, ही दादाची खोली, ही आपली. मग त्यानं विचारलं, "कसं वाटतं?" आणि ती म्हणाली, "कागदावर कळत नाही हो. मला नीट बघू दे, मग सांगते." हे वाक्य म्हणजे नुसती वेळ मारून नेणं होतं. पण नवरा सरळ माणूस. त्यानं ते शब्दशः घेतलं. चारच दिवसांत वर्गाची पावती आणून तिच्या हातात ठेवली. "तुला बघायचंय ना? तूच उभं कर. तुझा डोळा आमच्या सगळ्यांपेक्षा बारीक आहे." त्या क्षणी तिनं सांगायला हवं होतं. त्याच्या चेहऱ्यावर असा काही उत्साह होता, की पावती घेऊन तिनं "बरं" म्हटलं.

आणि मग ती खरोखर शिकली. हीच तर पंचाईत होती. तिला ते आवडलं. रेघ धरून वर ओढली की भिंत होते, भिंतीत चौकोन कापला की खिडकी होते, हे पहिल्यांदा जमलं तेव्हा तिला शाळेतला पहिला स्फटिक आठवला, दोऱ्याला लटकून बशीत रात्रीतून वाढलेला. लाल, हिरवा, निळा असे तीन अक्ष, आणि सगळं जग त्या तिघांत मावणारं. चुकलं तर दोन कळा एकदम दाबायच्या, चूक मागे जाते. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना त्याची इतकी सवय झाली की प्रयोगशाळेत रंगाचा थेंब जास्त पडला तरी बोटं हवेत त्या दोन कळा शोधत. एकदा बसमधे एका बाईच्या पायावर पाय पडला तेव्हाही बोटं हलली. ती घरी येऊन हे नवऱ्याला सांगणार होती, पण त्याआधीच तो म्हणाला, "आजचं चित्र पाठवलं का?" तो प्रत्येक चित्र घरच्या ग्रुपवर टाकायचा. मग दिवसभर टिंगटिंग. थोरले दीर लिहायचे, "डॉक्टरीणबाईंनी घर बांधलं सुद्धा, गवंडी अजून झोपलाय." ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते म्हणून सासरी तिला सगळे डॉक्टरीण म्हणत, दीर तर तिला गुडघेदुखीपासून मोटारीच्या बिघाडापर्यंत काहीही विचारत. नणंदेचा नवरा म्हणे, दार गडद हवं. कुणी म्हणे, झोपाळा टाका. ती झोपाळा टाकायची. चित्र जितकं चांगलं होई तितकं ते घर खरं होई, आणि ते खरं करणारे हात तिचेच होते. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा, आणि तोही घासूनपुसून, चकाकी आणून.

गावातल्या जुन्या घरात लग्नानंतरची काही वर्षं ती राहिली होती. कुणी तिला कधी दुखावलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण तिथं कुणी वाईट नव्हतंच. सासू मऊ, दीर थट्टेखोर, आणि थोरली जाऊ तर जिवाला जीव देणारी. त्या घरात एकच वाक्य दिवसभर फिरत असे, जशी माशी फिरते: "एकटी काय करतेस गं?" खिडकीशी उभी राहिली की एकटी काय करतेस गं. पुस्तक उघडलं की, केस विंचरायला बसली की, ताप येऊन पडली की. एकदा ती गच्चीच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जाऊन बसली होती. हातात काही नव्हतं, मनात काही नव्हतं, भिंतीच्या ओलीकडे पाहत होती. ओल एका बाजूनं नकाशासारखी पसरली होती, तिची कड पिवळट होती. दहाएक मिनिटं झाली असतील नसतील, जाऊ चहाचे दोन कप घेऊन आली, शेजारी टेकली आणि तिची पाठ कुरवाळायला लागली. "रडायचं असलं तर रड बाई. मी कुणाला सांगणार नाही." तिला रडायचं नव्हतं. पण त्या हाताखाली पाठ अवघडली, आणि त्या प्रेमळ बाईला बरं वाटावं म्हणून ती थोडं रडली. खोटं रडणं ते तेवढंच. याच जावेनं नंतर, तिचं पोटातलं मूल गेलं तेव्हा, तिला पंधरवडाभर आंघोळ घातली होती, उचलून बसवलं होतं, तिचे केस धुतले होते. त्या हातांना आता काय म्हणून सांगायचं? तुम्ही फार चांगले आहात म्हणून मला नको? असं कुणी म्हणतं का? कारण विचारलं तर कारण काय देणार? मला दुपारी बंद दाराआड नुसतं बसायचं असतं, हे काय कारण झालं?

प्रयोगशाळेतही तिचं लक्ष लागेनासं झालं. काचपट्टीवरचे गुलाबी-जांभळे पुंजके पाहताना तिला त्यांच्यावर प्रकाश कुठून पडतो आहे याचाच विचार सुचे. अहवाल लिहिताना ती जन्मभर "आढळले नाही" असं लिहीत आली होती. "नाही" असं सरळ कधी लिहायचं नसतं. पाहिलेल्या भागात आढळलं नाही, एवढंच. हाताखालच्या पोरींना तिनं हे घोकून घोकून शिकवलं होतं. नोकरीची अजून तीन वर्षं बाकी होती. नवरा म्हणे, आता तूही सोड, किती डोळे फोडणार. विभागप्रमुखानं विचारलं, "बाई, तुम्ही मुदतीआधी जाणार असं ऐकलं?" कोण बोललं याला? कुणीही बोललं असेल; घराची चित्रं आता इस्पितळापर्यंत पोचली होती. "अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "ठरलं की कळवा. जागा भरायला वेळ लागतो." तिला आपली खुर्ची रिकामी दिसली, मग तिच्यावर दुसरी कुणी बसलेली दिसली.

पाठमोऱ्या भिंती तिनं पुढच्या खेपेलाही वळवल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. नवऱ्याला ती बाहेरून काढलेली चित्रं पाठवायची. आणि तो फिरायला गेला की ती पडद्यावरच्या त्या घरात आत शिरायची. तिची खोली घराच्या टोकाला होती. तीन बाजूंना बाहेरच्या भिंती, त्या तिन्ही आतून नाहीशा. जमिनीचा नुसता चौकोन, त्यावर तिनं केलेली एक खुर्ची, आणि क्षितिजापर्यंत काही नाही. त्या चौकोनावर ती बराच वेळ फिरे. चौथी बाजू मात्र उभी होती. एकच चूक सगळीकडे केली असताना ही एकच भिंत आतून का दिसते, हे कोडं ती दोन दिवस सोडवत होती. मग लक्षात आलं: ती दिसणारी भिंत तिच्या खोलीची नव्हतीच. तिच्या बाजूचा पापुद्रा नाहीसाच होता. त्यातून आरपार पलीकडच्या खोलीचा पापुद्रा दिसत होता, आणि त्याचं तोंड तिच्याकडे होतं. पलीकडची खोली जावेची. दोन्ही खोल्यांच्या मधे एक दार होतं, नकाशातच. जावेनं वास्तुविशारदाकडे मुद्दाम मागून घेतलेलं. "रात्रीबेरात्री कुणाला काही लागलं तर हाका मारत बसायला नको. म्हातारपणी माणसाला माणूस लागतं." दार जावेकडून लोटलं की तिच्या खोलीत उघडणारं होतं. कडी कुठल्या बाजूला, हे नकाशात लिहिलेलं नव्हतं.

एका दुपारी तिनं ते दार काढून टाकलं आणि भोक बुजवलं. काम क्षणाचं होतं. मग ती खुर्चीतून उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, परत आली, पुन्हा पाहिलं. सपाट भिंत. तिला आत कुठेतरी हलकं वाटलं, आणि लगेच चोरी केल्यासारखं. नवरा फिरून आला, चपला काढता काढता पडद्याकडे पाहून म्हणाला, "अगं, वहिनीचं दार राहिलं!" इतक्या खिडक्यादारांत त्याला नेमकं तेच दिसलं.

"राहिलं खरं," ती म्हणाली.

"बघ बाई. तिला कळलं तर वाईट वाटेल."

तिनं डाव्या हाताची दोन बोटं कळांवर ठेवली. दार परत आलं.

त्याच आठवड्यात शिकवणाऱ्या मुलीनं तिला गाठलं. "काकू, खरं सांगू? बाहेरून तुम्ही वर्गात सगळ्यांच्या पुढे आहात. पण आतलं एकही चित्र नाही. भिंती अजून तशाच! भुतांसाठी घर बांधताय का?"

"राहू दे म्हटलं जरा."

"का पण? ते चूक आहे. सगळा उजेड भिंतींतून आत येतोय. असलं घर नसतं कुठं." मुलीनं आपली खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. "मी शिकत होते ना, तेव्हा मी पण आत जायची नाही. बाहेरून सोपं असतं. आत कॅमेरा, म्हणजे बघणाऱ्याचा डोळा, कुठं ठेवायचा तेच कळत नाही. माझे सर म्हणायचे, माणूस रोज जिथं उभा राहील तिथं ठेव. तुम्ही कुठं उभ्या राहाल त्या खोलीत?"

साधा प्रश्न होता. तिनं पडद्याकडे पाहिलं. व्हरांड्याच्या दाराशी उभी राहीन म्हणावं, तर झोपाळ्यावरून कुणीतरी विचारील. खिडकीशी म्हणावं, तर पाठ मधल्या दाराकडे होते. पलंगाशी, कपाटाशी, कोपऱ्यात. तिनं प्रत्येक ठिकाणी स्वतःला उभं करून पाहिलं, जसा सुईच्या टोकावर कण ठेवून पाहावा. कुठंच ती टिकेना. "सुचत नाही," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला परका वाटला. मुलीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उठताना एवढंच म्हणाली, "मग निदान भिंती तरी सरळ करा काकू. काय आहे ते दिसू दे."

काय आहे ते दिसू दे. घरी जाईपर्यंत हे वाक्य तिच्या चपलांच्या आवाजात वाजत राहिलं. हेच ती पोरींना शिकवत आली होती. जे आवडतं ते नव्हे, जे आहे ते. आणि स्वतः मात्र एका चुकीत बिऱ्हाड करून राहिली होती. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी नवरा भाजी आणायला गेला, तिनं संगणक लावला, सगळ्या भिंती निवडल्या आणि ती कळ दाबली. खोली मिटली. आवाज झाला नाही, तरी तिनं डोळे मिचकावले. चार भिंती, वर छत. खिडकीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर. खोली चांगली होती. हवेशीर, उंच, प्रमाणात. तिला ती वाईट म्हणता आली असती तर बरं झालं असतं. तिनं कॅमेरा उचलला आणि मधल्या दारात ठेवला, कारण रोज तिथं कुणीतरी उभं राहणार होतं. तिथून सगळी खोली दिसत होती. एकही कोपरा सुटत नव्हता. ती उठली, खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. समोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, तिच्यावरून उतरणारा पाइप, पाइपावर गंजाचा ओघळ. या खिडकीतून इतकी वर्षं एवढंच दिसत आलं होतं, आणि तिच्या लक्षात आलं की तिला हे पाहायचा कधी कंटाळा आला नव्हता.

रविवारी सकाळी दीर आणि जाऊ आले. दीर आल्याआल्या म्हणाले, "काय डॉक्टरीणबाई, पेशंट कसा आहे? पाया घालायच्या लायकीचा झाला का?" जावेनं तिला जवळ घेतलं, दंड चाचपला. "किती वाळलीस गं. चल आता लवकर, तुला चांगली धरून खायला घालते." नवऱ्यानं खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या, नाटकाला मांडतात तशा. गवंड्याचा फोन सकाळीच येऊन गेला होता. सोमवारी जमिनीवर चुन्याच्या खुणा मारायच्या, मंगळवारी खोदाई.

"आतलं दाखव," नवरा म्हणाला. "आज आतलं दाखवणार म्हणालीस."

तिनं रेंडरची, म्हणजे पक्कं चित्र तयार करायची कळ दाबली. संगणकाचा पंखा घोंगावायला लागला. पडद्यावर आधी नुसते दाणे आले, काळे, पांढरे, राखी, उकळत्या रेतीसारखे.

"हे काय?" दीर म्हणाले. "मुंग्या लागल्या की घराला."

"हळूहळू निवळतं," ती म्हणाली. "उजेडाचा एकेक किरण मोजला जातो. जितके जास्त मोजले तितकं स्पष्ट."

"म्हणजे वरण निवळतं तसं," जाऊ म्हणाली आणि पुढे सरकून बसली. तिच्या गुडघ्यावर तिचे हात होते. बोटं सांध्यांत जाड झालेली, एका नखावर जुनी भेग. या हातांचं वजन तिला पाठीवर, डोक्यावर, ओल्या केसांत ठाऊक होतं. दाण्यांतून पलंगाची कड वर आली. मग खिडकी. नवरा पुढे वाकून, तोंड किंचित उघडं टाकून पाहत होता; लहानपणी तो जादूचे खेळ असेच पाहत असणार. तिला वाटलं, अजून वेळ आहे. चित्र निवळेपर्यंत वेळ आहे. पाहू दे त्यांना. मग वाटलं, गेले कित्येक महिने मी हेच म्हणते आहे. पंखा घोंगावत होता, रेती खाली बसत होती, भिंतीचा रंग आता रंगासारखा दिसायला लागला होता.

"अगंबाई," जाऊ म्हणाली. "ही तर तुमची खोली. आणि आपण बघतोय कुठून? माझ्या दारातून का?"

"हो वहिनी. तुमच्या दारातून."

"बघ की!" जावेचे डोळे भरून आले. तिनं पदरानं टिपले आणि स्वतःलाच हसली. "सकाळी उठलं की दार लोटायचं, की तू समोर. किती वर्षं झाली गं आपल्याला असं."

"झकास," दीर म्हणाले. "मला यात एकच खोट दिसते. गवंडी एवढं सुबक करणार नाही."

सगळे हसले. चित्र पुरं झालं, पंखा थांबला. नवऱ्यानं खिशातून फोन काढून हातात धरला. "मग? काय बदलायचं असेल तर आत्ताच सांग बाई. नाहीतर त्याला सांगतो, उद्या खुणा मार म्हणून."

तिनं माऊसवरचा हात काढून घेतला. जावेच्या हातावर ठेवावा असं वाटलं, आणि तसा ठेवला तर बोलणं होणार नाही हेही कळलं. तो तिनं आपल्याच मांडीवर ठेवला.

"बदलायचं काही नाही," ती म्हणाली. आवाज पहिल्या शब्दाला फाटला आणि मग सरळ झाला. "घर चांगलं आहे. मी सगळं नीट पाहिलंय. तुम्ही बांधा. वहिनी, मी येईन, राहून जाईन, तुम्ही बोलवाल तेव्हा येईन. पण मी त्या घरात राहायला येणार नाही. मी इथंच राहणार आहे."